सतरा नंबरचं कुलूप

“थोडक्यात वाचलो, याला इंग्रजीत काय म्हणतात गं?”

बाबा दारातच उभे होते. हातात घडी घातलेला कागद. मी जमिनीवर पालथी पडून नकाशातल्या नद्या निळ्या करत होते आणि नदी सोडून डोंगरावर चढलेला रंग थुंकी लावून पुसत होते. बाबांनी मला इंग्रजीतलं काही विचारावं हे ग्रहणासारखं क्वचित घडायचं, त्यामुळे मी ताडकन उठून बसले. आणि प्रश्न तरी कुठला? त्याच दुपारी आमच्या बाईंनी चाचणीचे पेपर परत दिले होते. संकटातून जेमतेम सुटलेल्या माणसाबद्दल बोलताना इंग्रजीत कुठल्या शब्दाला कुठला शब्द जोडून येतो, यावर दहा प्रश्न होते. मला दहापैकी दहा.

मग काय, मी सुटलेच. म्हटलं, नॅरो एस्केप म्हणा, तो सगळ्यात सभ्य, बातमीत शोभणारा. नशिबाचे आभार मानायचे असतील तर लकी एस्केप. मित्रांमध्ये गप्पा मारायच्या असतील तर क्लोज कॉल, नाहीतर क्लोज शेव्ह. अगदी केसाच्या अंतरानं वाचला असाल तर त्याचीही सोय आहे, त्यात केसच येतो. बाई म्हणतात, शब्दांचीसुद्धा लग्नं ठरलेली असतात. नॅरोनं एस्केपचाच हात धरायचा. त्याच्या जागी दुसरा कुणी आणून उभा केलात तर अर्थ कळेल, पण वऱ्हाडी हसतील.

“शेव्ह म्हणजे दाढी ना?” बाबांनी विचारलं. “दाढीचा काय संबंध?”

मी सांगितलं, म्हणजे वस्तरा गळ्याला घासून गेला, पण कापलं नाही. बाबांनी कागद या हातातून त्या हातात घेतला आणि गळ्यावरून दोन बोटं फिरवली. मग बोटांकडे बघितलं.

“हं,” म्हणाले. “तसंच.”

मी विचारलं, पण वाचलं कोण?

तेव्हा ते आत आले, आणि चालताना डावीकडे कलले. एक पाऊल उंच, एक पाऊल बसकं. डाव्या बुटाला टाच नव्हती. झिजली नव्हती की उचकटली नव्हती. साबणाची वडी सुरीनं कापावी तशी सरळ कापलेली होती.

“मी,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. एकोणीस वर्षं. लिफ्टचं काम कधी एकट्यानं करत नाहीत, जोडीनं करतात, आणि बाबांचे जोडीदार होते ओळंबाकाका. लिफ्ट ज्याच्या आधारानं वरखाली सरकते तो रूळ सरळ बसलाय का हे बघायला गवंड्यासारखा दोरीला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. काका तसेच, सहा फुटांचे, काठीसारखे, कुणापुढे न वाकणारे. खाली पडलेला स्क्रूसुद्धा ते वाकून उचलत नाहीत, गुडघ्यात बसून उचलतात, असं बाबा सांगायचे. पण ओळंबा हे नाव आमच्या घरातलं. कंपनीत माणसाला नावच नसतं, कुलपाचा नंबर असतो. काका म्हणजे चार. बाबा म्हणजे सतरा. “सतरा, पाना दे.” “चार आज रजेवर आहे.” मी लहान असताना कुणी बाबांचं नाव विचारलं की सतरा सांगायचे, आणि आई मला चिमटा काढायची.

हे कुलूप कशासाठी, ते सांगते. लिफ्टचा मेन स्विच गच्चीवरच्या खोलीत असतो. काम सुरू करायच्या आधी तो बंद करून त्याच्या दांडीला सहा भोकांची एक लोखंडी पट्टी अडकवायची. कामावर जितकी माणसं, तितक्यांनी आपापलं कुलूप त्या पट्टीला लावायचं. कुलूप एक, किल्ली एक, आणि किल्ली आपल्याच खिशात. शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच वर होतच नाही. इतकी सोपी गोष्ट की बालवाडीतल्या पोरालाही कळेल. कुलूप लटकतंय म्हणजे माणूस आत आहे. कुलूप नाही म्हणजे माणूस नाही.

त्या दुपारी पट्टीवर कुलूप एकच होतं. काकांचं.

बाबांनी सगळा प्रकार चार वाक्यांत सांगितला, उरलेलं नंतर काकांकडून कळलं. सात मजल्यांची इमारत. काका वर ब्रेक बदलत होते आणि बाबा तळमजल्याच्याही खालच्या खड्ड्यात, म्हणजे लिफ्ट जिथं येऊन टेकते त्याच्याखाली, साफसफाई करत होते. दुसरं कुलूप गेले आठ महिने नव्हतंच. त्याऐवजी दोघांनी आपसात एक युक्ती काढली होती. बाबा खड्ड्यातून वर आले की पान्यानं लोखंडी रुळावर तीन ठोके मारायचे. रूळ तळापासून गच्चीपर्यंत सलग, त्यामुळे ठोका थेट काकांच्या पायाशी वाजायचा. तीन ठोके म्हणजे मी बाहेर. मग काका कुलूप काढून स्विच वर करायचे. आठ महिने बिनबोभाट चाललं. एखादी गोष्ट आठ महिने चालली की ती नियमासारखीच वाटायला लागते.

त्या दिवशी चौथ्या मजल्यावर लिफ्टला लागूनच्या घरात एक सुतार दाराची चौकट बसवत होता. त्यानं तीन ठोके मारले आणि थांबला. बहुधा दुसरा खिळा घ्यायला. त्या बिचाऱ्याला अजूनही माहीत नाही की त्याच्या ठोक्यांवर काकांनी कुलूप काढून स्विच वर केला आणि लिफ्ट खाली निघाली.

“वर बघितलं तर उजेड कमी होत होता,” हे बाबांच्या चारपैकी एक वाक्य.

ते शिडीवर होते, एक पाय वरच्या कडेला लावलेला. त्यांनी स्वतःला मागं खड्ड्यात टाकून दिलं. लिफ्टच्या खालच्या बाजूला एक जाड पत्रा लोंबत असतो, त्यानं टाच नेली. मग लिफ्ट येऊन तळमजल्यावर थांबली आणि बाबा तिच्याखाली ग्रीसमध्ये उताणे. काका जिने उतरून खाली आले, बाबा कुठंच नाहीत, फक्त पिशवी. त्यांनी हाका मारल्या. बाबांना ऐकू येत होत्या, पण आवाज फुटेना. हाताला पाना लागला तेव्हा त्यांनी रुळावर तीन ठोके मारले. तीन ठोके म्हणजे मी बाहेर. पण दुसरे कुठले ठोके त्यांना येतच नव्हते.

ते ऐकून ओळंबाकाका म्हणे उभ्याचे खाली बसले.

आई पडद्यांच्या दुकानात शिवण करते, ती सहाला आली. तिनं ऐकलं, बूट उचलून उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि जुन्या कागदावर नीट ठेवला, जणू तो भरून येणार होता. मग म्हणाली, काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. मला वाटलं आता ती रडेल आणि मग मला रडता येईल. पण ती चहा करायला गेली. बाबांनी हात धुतले. थोड्या वेळानं पुन्हा धुतले. चहावर साय धरली तरी कप तसाच. मी मधूनच त्यांना काही विचारायचे आणि ते बरोबर उत्तरं द्यायचे, हजेरी दिल्यासारखी. मीसुद्धा नकाशातली शेवटची नदी रंगवून टाकली. निळी, समुद्रापर्यंत, एकदाही रेघेबाहेर न जाता.

घडीचा तो कागद म्हणजे फॉर्म होता, इंग्रजीत, दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत साहेबांच्या टेबलावर हवा होता. त्याच्यासोबत प्रत्येकानं आपलं कुलूपही आणून दाखवायचं होतं. फॉर्मच्या माथ्यावर जाड अक्षरात छापलेलंच होतं, निअर मिस. म्हणजे माझ्या दहातला एकही शब्द लागणार नव्हता. मी बाबांना सांगितलं की कुणाला काही लागलं नसेल तर कंपन्या हाच शब्द वापरतात, फारच थोडक्यात हुकलं, असं. बाबा म्हणाले, बंदूकवाल्यानं म्हणावं तसं वाटतंय.

दिवसभरात ते एवढंच काहीतरी गमतीचं बोलले, आणि हसलं कुणीच नाही.

मी माझं चांगलं पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात लिहायला लागले. नाव. नंबर, सतरा. ठिकाण. वेळ, दुपारी अडीच. अडीचला माझ्या बाकावर पेपर आला होता आणि मी मैत्रिणीच्या पाठीत धपाटा घालून नाचले होते. दुखापत, नाही. वस्तूंचं नुकसान, बुटाची टाच एक. नऊ नंबरचा प्रश्न आला. घटनेच्या वेळी तुमचं स्वतःचं कुलूप पट्टीवर होतं का? हो. नाही. पुढं दोन चौकोन.

मी मराठीत वाचून दाखवलं आणि माझी नजर माझ्याच कंपासपेटीवर गेली. तिच्या चेनला एक प्लॅस्टिकचा मासा आणि माशाला एक पितळी किल्ली.

माझी पहिली सायकल चोरीला गेली होती. दुसरी, जुनी, बाबांनी कुणाकडून तरी आणून रंगवून दिली, तेव्हा मी हट्ट धरला की साधं कुलूप नको, ते चोर पिनेनं उघडतात, मला मजबूत पाहिजे. दोन दिवस डोकं खाल्लं. तिसऱ्या दिवशी बाबांनी कामाच्या पिशवीतून आपलं लाल कुलूप काढलं आणि सायकलच्या साखळीला लावून बघितलं. फिट बसलं. “हे कुणाच्या बापाला तुटणार नाही,” म्हणाले. किल्ली माझ्या हातावर ठेवली. ऑफिसातून दुसरं मागून घेतो म्हणाले. दुसरं मागायचं तर पहिलं हरवलं असं लिहून द्यावं लागतं, आणि खोटं लिहायचं त्यांच्या जिवावर येत होतं. आज मागू, उद्या मागू. मग तीन ठोके होतेच.

आईनं कंपासपेटीकडे बघितलं आणि बघितलं नसल्यासारखं केलं.

तेवढ्यात काका आले. दाराच्या चौकटीला नेहमी लागायचं त्यांचं डोकं त्या दिवशी लागलं नाही, इतके ते खांद्यातून खाली आले होते. बाबांकडे न बघता ते थेट माझ्यासमोर जमिनीवर बसले.

“नऊला आलीस का? हो वर खूण कर,” ते म्हणाले. “सतराचं कुलूप होतं. पट्टी मीच उचकटली.”

आई म्हणाली, उचकटायला ती काय बिस्किटाचा पुडा आहे का.

“वहिनी, म्हाताऱ्याला घाई झाली होती म्हणा. स्क्रू सोडवून काढली म्हणा. मी सांगतो तसं साहेबाला,” काका म्हणाले. “माझे चार महिने उरलेत. राहिले काय, गेले काय. ह्याला अजून बारा वर्षं काढायचीत, आणि ही पोरगी.”

त्यांनी सगळा हिशेब रस्त्यानं येतानाच मांडला होता. नाही वर खूण केली तर बाबांना पुन्हा लिफ्टच्या विहिरीत उतरता येणार नव्हतं; ज्याचं कुलूप नाही तो आत नाही, असा सरळ नियम होता. हो वर खूण केली तर काकांना उद्याच घरी बसवतील, निरोप नाही, हार नाही, तेहतीस वर्षांचं बोचकं काखेत मारून चालते व्हा. आणि कुलूप कुठं होतं हे आम्हा चौघांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. ते सायकलवरून काढायचं, पुसायचं, टेबलावर ठेवायचं. विषय मिटला.

आईनं काकांपुढे चहा ठेवला आणि कपाचा कान त्यांच्या हाताकडे वळवून ठेवला. ती असं फक्त ज्याचं म्हणणं पटलंय त्याच्यासाठी करते. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. पेन माझ्या हातात होतं. मी त्याचं टोक हो च्या चौकोनावर टेकवलंसुद्धा होतं, एक ठिपका उमटला, तो अजून त्या फॉर्मवर असेल.

बाबा इतका वेळ भिंतीकडे बघत होते.

“ठोके मोजलेत ना?” त्यांनी विचारलं.

“मोजले,” काका म्हणाले. “तीन. पोरांची शपथ, तीन.”

“मग तुम्ही बरोबर केलंत.”

“अरे, पण—”

“तीन ऐकले, पट्टी रिकामी बघितली, स्विच वर केला. मी असतो तर मीही तेच केलं असतं.” आणि मग मला, त्याच सपाट आवाजात, दूध संपलंय सांगावं तसं, “नाही वर खूण कर.”

आईनं अहो असं म्हटलं आणि पुढचं गिळून टाकलं. काकांनी हात पुढं करून कागद धरला, बाबांनी तो सावकाश त्यांच्या बोटांतून सोडवून परत माझ्यापुढं ठेवला. कुणीच आवाज चढवला नाही. मी नाही वर खूण केली. माझं अक्षर छान आहे, खूणही छान आली.

खाली एक ओळ होती, नसेल तर कुलूप कुठं होतं? मी बाबांना न विचारताच लिहायला लागले आणि ‘मुलीच्या’ या शब्दापर्यंत आले, तेव्हा बाबांनी काय लिहितेस ते वाच म्हणून सांगितलं. मी वाचलं.

“खोड ते. घरी लिही.”

“पण सायकल तर बाहेर असते, जिन्याखाली,” मी म्हटलं. असं काहीतरी वेड्यासारखं बरोबर बोलायची मला खोडच आहे.

“घरी लिही,” बाबा म्हणाले. “खोटं नाही ते. सायकलीचा काही दोष नाही.”

सगळ्यात शेवटी तीन रिकाम्या ओळी होत्या, घटनेबद्दल आपल्या शब्दांत सांगा. याच्यासाठीच त्यांनी दारात तो प्रश्न विचारला होता. मी म्हटलं, आता लिहू का नॅरो एस्केप? बाबांनी विचार केला. मग म्हणाले, नको, ते माझ्याबद्दल झालं. लिही, रुळावरच्या ठोक्यांवर भरवसा ठेवू नये. माणूस डोळ्यांनी बाहेर दिसला पाहिजे. मी ते इंग्रजीत केलं. सोपे, सुटे शब्द लागले, कुणाचं कुणाशी लग्न नसलेले. बाबांनी सही केली. काका चहा न पिताच उठले, आणि जाताना त्यांनी बाबांच्या बुटाकडे बघितलं, आईनं कागदावर ठेवलेल्या.

मी जिन्याखाली जाऊन कुलूप काढलं. आठ महिन्यांत मी त्यावर एक चांदणीचं स्टिकर लावलं होतं. ते निघेना. नखानं खरवडलं, मग पाण्यानं, मग रॉकेल आणून. खाली सतराचा आकडा कोरलेला होता, त्यातल्या साताच्या पोटात चांदणीचा चिकटा अडकून बसला, तो पिनेनं काढला. किल्लीवरून मासा सोडवला. वर येऊन कुलूप आणि किल्ली बाबांना दिली. त्यांनी कुलपाला तेलाचे दोन थेंब घातले, चारदा उघडलं, चारदा लावलं.

“छान चालतंय,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चाचणीतल्या जोड्या वाक्यांत वापरायला सांगितल्या. एरवी मी दोन हात वर करणाऱ्यातली. सगळ्यांचे काका-मामा गच्चीवरून, बैलाच्या शिंगांवरून, रेल्वेखालून भराभर वाचत होते, वर्गात हशा चालला होता. मी वहीत एक वाक्य लिहिलं, माय फादर हॅड अ नॅरो एस्केप. बाईंनी फिरत फिरत येऊन त्याच्यावर लाल बरोबरची खूण केली, शेजारी लिहिलं, व्हेरी गुड, आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. मी त्या खुणेकडे बघत राहिले. मला वाटलं होतं काहीतरी वाटेल. वाटलं फक्त एवढंच की खूण नऊ नंबरच्या चौकोनात बसेल तेवढीच आहे.

कंपनीत आरडाओरडा झाला नाही. साहेबांनी फॉर्म वाचला, कुलूप घेतलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि बाबांना दुसऱ्या मजल्यावर स्टोअरमध्ये बसवलं. काकांना काही विचारलं नाही. स्टोअर म्हणजे एक लांब खोली, ग्रीसचे डबे, तारांची वेटोळी, आणि दारासमोरच्या भिंतीवर लाकडी फळा, त्याला चाळीस खुंट्या. या घटनेनंतर नवा नियम आला की कुलूप घरी न्यायचंच नाही. सकाळी स्टोअरमधून सही करून घ्यायचं, संध्याकाळी सही करून परत द्यायचं. ते देणं आणि घेणं हे बाबांचं काम. सतरा नंबरची खुंटी रिकामी. माणसं मात्र त्यांना अजून सतराच म्हणायची, सवयीनं, आणि बाबा ओ द्यायचे.

आईनं शेजारणीला सांगितलं की बरं झालं, आता कपड्यांना ग्रीस नसतं. घरी यायला मात्र त्यांना पहिल्यापेक्षा उशीर व्हायला लागला. एकही खुंटी रिकामी असेपर्यंत, सतरावी सोडून, ते खुर्चीतून उठायचेच नाहीत. एकदा एक जण कुलूप खिशात घालून परस्पर सिनेमाला गेला, तर बाबा सिनेमा सुटेपर्यंत थिएटरच्या दाराशी उभे राहिले. जेवताना आई म्हणायची, तुमच्या त्या फळ्यालाच वाढते ताट. बाबा मान हलवायचे. रात्री झोपेत त्यांचा डावा पाय एकदम आखडून वर जायचा, आणि सकाळी विचारलं तर त्यांना आठवायचं नाही. बुटाला चांभारानं नवी टाच बसवून दिली होती, जुन्यापेक्षा थोडी उंच. चालताना ते अजून किंचित उजवीकडे कलतात.

सायकलला मी नवीन कुलूप घेऊ दिलं नाही. ती जिन्याखाली उघडीच असते. चोरालासुद्धा एक पसंती असते, असं आई म्हणते.

चार महिन्यांनी काकांचा शेवटचा दिवस आला. आईनं दुकानातल्या उरलेल्या जाड पडद्याच्या कापडाची एक पिशवी शिवली होती, आत पान्यांसाठी वेगवेगळे कप्पे. आता पाने कशाला लागणार त्यांना, असं मी म्हटलं तर आई म्हणाली, रिकाम्या हातानं माणूस चालेल कसा. शाळेतून सुटल्यावर मी ती घेऊन थेट स्टोअरमध्ये गेले. वर हॉलमध्ये साहेबांचं भाषण होऊन गेलं होतं, बाबा त्याला गेले नव्हते. त्या वेळी खाली दोन कुलपं यायची होती.

पाच वाजता काका आले. गळ्यातला हार त्यांनी काढून हातात धरला होता, भाजीच्या जुडीसारखा. मी पिशवी दिली. त्यांनी आत हात घालून एकेक कप्पा चाचपला आणि म्हणाले, तुझ्या आईला सांग, ओळंब्यालाही जागा ठेवलीय बरं का तिनं. म्हणजे आमच्या घरातलं नाव त्यांना माहीत होतं. मी कानापर्यंत लाल झाले.

मग त्यांनी खिशातून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. रंग उडून पत्र्याचं झालेलं, चारचा आकडा अर्धा पुसलेला.

“घे, सतरा.”

“सही करा,” बाबा म्हणाले.

काकांनी सही केली. बाबांनी वही फिरवून घेतली, वेळ लिहिली. दोघेही क्षणभर त्या कुलपाकडे बघत राहिले, मग काका वळले. हस्तांदोलन नाही, मिठी नाही. मला वाटलं होतं काहीतरी होईल, त्या फॉर्मबद्दल कुणीतरी काहीतरी बोलेल. त्यांची पावलं जिन्यावरून खाली गेली, एक वळण, दुसरं वळण.

बाबांनी कुलूप उचललं. हात खुंटीपर्यंत पोचला, आणि खालून ठोके आले. जिन्याच्या लोखंडी कठड्यावर, पान्यानं. एक, दोन, तीन.

बाबांचा हात तिथंच थांबला.

“गेले काका,” मी म्हटलं. “ठोके दिले ना.”

कुलूप तसंच मुठीत धरून बाबा टेबलाला वळसा घालून खिडकीशी गेले आणि तावदान उघडलं. खाली फाटक, फाटकाबाहेर रस्ता. कुणी नव्हतं. एक बाई लहान मुलाला ओढत नेत होती, एक गाडी उलटी येत होती. बाबा उभे होते. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. चौकीदाराशी बोलत असतील, मी म्हटलं. बाबा उभे होते.

मग फाटकातून काका बाहेर आले. पिशवी खांद्याला, हार तसाच हातात, ताठ. त्यांनी दोन्हीकडे बघितलं, रस्ता ओलांडला, पलीकडच्या फूटपाथवर चढले. वर काही बघितलं नाही. कोपऱ्यावर ते एकदा मोटारीमागं गेले आणि पुन्हा दिसले, तोवर बाबा हलले नाहीत.

ते वळून दिसेनासे झाले, तेव्हा बाबांनी खिडकी लावली, फळ्याशी आले, आणि चार नंबरच्या खुंटीला कुलूप अडकवलं.